पार्श्वभूमी : लसीचा कारखाना उभा राहतो, पण चालतो कशावर?

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानात प्लेग शिरला, तेव्हा त्यावरची लस तयार होत होती मुंबईत. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. ऑगस्ट १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळा सुरू झाली. कृती साधी, पण चिकाटीची. मांसरसावर तुपाचे थेंब सोडायचे. त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. भांडे हलवून ते तळाशी पाडायचे आणि पुन्हा वाढू द्यायचे, असे सुमारे सहा आठवडे. मग ६५ अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचे.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना निलंबित केले गेले. पुढे कळले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. परळची लस निर्दोष ठरायला १९०७ उजाडले.

लस बनवणे आणि ती कुपीत शुद्ध ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तेव्हाच दिसले. आजही लसनिर्मितीत उतरणारा नवा देश बहुधा दुसऱ्या कामापासून सुरुवात करतो : तयार बल्क, म्हणजे कुपीत न भरलेली घाऊक लस, आणायचा आणि कुप्या भरायच्या. त्यालाही भरणीची लाइन आधी नुसते पोषकद्रव भरून सलग तीनदा तपासावी लागते, आणि लसीच्या निर्जंतुकता चाचणीला १४ दिवस थांबावे लागते. इथे ढिलाई झाली की जुनी नावेही वाचत नाहीत. २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि चेन्नईच्या सरकारी संस्थांचे उत्पादन परवाने निकष न पाळल्याने निलंबित झाले.

२०२१ च्या वसंतात भारताने कोविड लसीची निर्यात रोखली आणि तिच्यावर विसंबलेली आफ्रिका अडकली. आफ्रिकी संघाने २०४० पर्यंत ६० टक्के लस खंडातच बनवायचे ठरवले. दक्षिण आफ्रिकेच्या ॲस्पेनने जॉन्सन अँड जॉन्सनची लस स्वतःच्या नावाने विकण्याचा परवाना मिळवला, लाइन सज्ज होती; पण २०२२ मध्ये एकही मागणी आली नाही.

कारखाना चालतो तो हमखास गिऱ्हाइकावर. गोकुळ दूध संघाच्या पट्ट्यात हे वेगळे सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ दूध घेणारी संस्था असते, म्हणून म्हैस बांधायची हिंमत होते. लसीत ती जागा एकत्रित खरेदीची. लॅटिन अमेरिकेतले देश १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सामाईक फिरत्या निधीतून लसी घेतात. आफ्रिकेत मात्र आधी कारखाने, मग गिऱ्हाईक असा उलटा क्रम पडला. म्हणून जून २०२४ मध्ये ‘गावी’ (Gavi) या गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या जागतिक आघाडीने दहा वर्षांसाठी १.२ अब्ज डॉलरपर्यंतची योजना आणली : जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली की एक रक्कम, आणि युनिसेफची निविदा जिंकली की लसीच्या किमतीवर वेगळी भर.