जात्यापासून ‘बोलते व्हा’पर्यंत

हल्ली लग्नाच्या हॉलमध्ये एक चिमुकलं जातं मांडतात. खुंट्याला सुपारी आणि आंब्याची पानं बांधलेली असतात. पाच सवाष्णी हात लावतात, चार हळकुंडं भरडल्यासारखं करतात आणि फोटो निघतात. ओव्या मात्र ब्लूटूथच्या स्पीकरवर लागतात. गेल्या वैशाखात अशाच एका हळदीला शेजारी बसलेली आमची मावशी, वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्या स्पीकरकडे बघून म्हणाली, “गाणं कसलं गं, बोलणं होतं ते आमचं.”

या बोलण्याचा माग काढायचा तर नऊशे वर्षं मागे जावं लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे 1129 च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी आली 1290 मध्ये. म्हणजे ग्रंथात जाण्याच्या कितीतरी आधी ओवी उखळाशी आणि जात्याशी बसलेली होती. संतांनी ती तिथून उचलली. जनाबाईच्या दळणाला विठ्ठल हात लावतो, ही कल्पनाही मला फार बोलकी वाटते. देवाकडे काय मागावं, तर खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला बसणारं माणूस!

कारण जात्यावर समोर कोण बसतं यावर बरंच काही अवलंबून असे. दळण मोठं असलं की दोघी लागत. भल्या पहाटे, घरातले पुरुष उठायच्या आत, एक पाय लांब करून समोरासमोर बसायचं, दोघींनी एकच खुंटा धरायचा आणि रिकाम्या हातानं जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे सोडत राहायचं. एकीनं ओवीची पहिली ओळ घ्यायची, दुसरीनं ती उचलायची. समोरची बहुतेक वेळा जाऊ असे, नणंद असे, कधी खुद्द सासू. दिवसा जिच्याशी अबोला, तिच्याच हातावर हात ठेवून पहाटे तासभर फिरायचं. अंधारात चेहरा नीट दिसत नाही, जात्याची घरघर शब्द निम्मे गिळते, आणि कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: “जुनी ओवी आहे, माझ्या आईची.” सासुरवास, माहेरी न्यायला न आलेला मुराळी, पाठोपाठच्या मुली, नवऱ्याचा हात, हे सगळं त्या आडोशानं निघून जाई. ऐकणारीला कळे कुणाबद्दल आहे ते. पण गाण्यावरून भांडण काढायचं कसं?

भावाला बोलावणं, विठोबाला बाप म्हणणं, लेकीला चिमणी म्हणणं, हे ओवीचे ठरलेले साचे. वाचताना ते एकसुरी वाटतात. पण ज्या बाईला “मला त्रास होतोय” असं सांगायची सोय नव्हती, तिला हे आयते साचे म्हणजे केवढा आधार असणार. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी तर तिशीच्या आसपास आलेलं वैधव्य आणि शेतातले कष्ट अशा बोलीतच उतरवले. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगानं ते कागदावर घेतलं म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघू शकलं. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हता, त्यांचं पिठाबरोबर गेलं.

सगळंच गेलं नाही, याचं श्रेय गोळा करणाऱ्यांना. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून जमवल्या. पण सर्वांत मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांचं. पुण्याजवळच्या डोंगराळ गावांत काम करताना बायकांशी बोलणं सुरू झालं ते ओव्यांतूनच, आणि एक लाखाहून अधिक ओव्या उतरवल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांतल्या काही हजारांचं ध्वनिमुद्रणही झालं. आज या ठेव्यातल्या अनेक ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित बायकांनी गायलेल्या ओव्या तिथे मुद्दाम ऐकाव्यात. त्यांत भाऊ म्हणून बाबासाहेब येतात. साचा तोच, पण रडगाण्याच्या जागी ताठ मान.

इथे एक सांगून टाकते. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून बघावी. ओवी मन हलकं करी हे खरं, पण मनावरच्या ओझ्यातलं मोठं ओझं ते दळणच होतं. शिवाय ओवी गाऊन सासू बदलली नाही, मार थांबला नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा कुठल्याही बाईनं जात्यासाठी अश्रू ढाळल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मावशीचं म्हणणं एवढंच की हाताचं काम गेलं, त्यासोबत बोलायची जागाही गेली, आणि दुसरी जागा कुणी दिली नाही.

बोलण्यानं खरंच काही होतं का, हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला तो फार उशिरा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन मुलांना सलग चार संध्याकाळी 15 मिनिटं आपल्या मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिताना वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत ते आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. नंतरच्या अनेक अभ्यासांत परिणाम याहून माफकच निघाला. दुसरीकडे मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांना 2002 च्या अभ्यासात दिसलं की ज्या मैत्रिणी तेच ते दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसतात त्यांची मैत्री घट्ट असते, पण उदासीही जास्त असते. जात्यावर हेच होत असेल का? मला वाटतं, ओवीची दुसरी ओळ इथे कामी येत असावी. पहिल्या ओळीत गाऱ्हाणं मांडलं की दुसऱ्या ओळीत कुणाला तरी हाक मारावीच लागते: भाऊराया, विठ्ठला, सीतेच्या वनवासा. गाऱ्हाणं गोल फिरत राहत नाही, कुठेतरी जाऊन पोचतं.

गिरणीनंतरच्या काळात काय झालं, याची एक कडू नोंद पुण्यातली आहे. 1982 च्या जूनमध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झालेल्या एका तरुणीचा सासरी मृत्यू झाला. तिनं मन मोकळं केलं होतं ते बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत. ती पत्रं पुढे न्यायालयात वाचली गेली. सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये पतीला निर्दोष सोडलं. पण शहरातल्या बायकांना कायद्याच्या निकालापलीकडचं काहीतरी बोचत राहिलं: लिहून सांगूनही तिच्यापर्यंत कुणी पोचलं नाही. या अस्वस्थतेतून विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि मंचानं समुपदेशन केंद्र काढलं. नाव दिलं ‘बोलते व्हा’. ‘समुपदेशन’ म्हटलं की कुणीतरी उपदेश करणार असं वाटतं. या नावात फक्त बोलायला सांगितलं आहे.

पुढे याच मंचाला पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढावंसं वाटलं, यात नवल नाही. पारावर आणि भजनात पुरुषांची उठबस भरपूर असे, पण तिथे पावसापाण्याच्या, बाजारभावाच्या आणि भावकीच्या गोष्टी. घरातलं घरातच.

केंद्र सरकारची ‘टेलीमानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. कोणत्याही वेळी लावता येतो आणि मराठीतही बोलता येतं. मावशीच्या नातसुनेनं तो नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलाय, दळणाच्या हिशोबाच्या चिठ्ठीशेजारी. कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही, आणि मावशीनंही विचारलं नाही.