डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट (मुलांसाठी)

अपंग किंवा विशेष गरजा असलेल्या मुलासाठी राहत्या घरात बदल करण्याकरिता इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिल देते ते अनुदान, बोलण्यात ‘डीएफजी’. त्याचा आधार १९९६ चा हाउसिंग ग्रँट्स, कन्स्ट्रक्शन अँड रीजनरेशन अ‍ॅक्ट. अटी पुऱ्या झाल्या तर ते देणे कौन्सिलवर बंधनकारक आहे. ‘निधी संपला’ हे नकाराचे कायदेशीर कारण ठरत नाही. इंग्लंडमध्ये कमाल रक्कम ३०,००० पौंड, वेल्समध्ये ३६,०००. स्कॉटलंडची व्यवस्था निराळी आहे.

मुलासाठीच्या अर्जात आईवडिलांचे उत्पन्न तपासले जात नाही. इंग्लंडमध्ये ही सूट २००५ च्या अखेरीपासून आहे. अर्ज पालकाच्या नावाने होतो. भाडेकरूही पात्र आहेत, पण घरमालकाची लेखी संमती लागते आणि खाजगी भाड्याच्या घरांची प्रकरणे बहुधा इथेच अडतात.

सुरुवात ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत आणि बदल सुचवणारा तज्ज्ञ) घरभेटीने होते. (सगळे त्याला ‘ओटी’ म्हणतात, मराठी कानाला ऑपरेशन थिएटर आठवते, त्याला इलाज नाही.) बदल ‘आवश्यक आणि योग्य’ आहे का, हे ओटीच्या अहवालावरून ठरते, तो बदल ‘वाजवी आणि व्यवहार्य’ आहे का, हे कौन्सिलचा गृहविभाग पाहतो. पाहुण्यासमोर ‘तसं ठीक चाललंय’ म्हणण्याची आपली सवय या भेटीत महागात पडते. मुलाचे वजन, दिवसातून किती वेळा उचलावे लागते, रात्री किती वेळा उठावे लागते, हे आकड्यांत सांगावे आणि सर्वांत वाईट दिवसाचे वर्णन करावे. ऑटिझम असलेल्या मुलासाठी कायद्यातील ‘सुरक्षितता’ हा हेतू कामी येतो. त्याखाली न फुटणारी काच, खिडक्यांना अडसर, बागेला कुंपण, तसेच भावंडाला इजा होत असेल तर वेगळी खोलीही मागता येते.

खरी मेख कालमर्यादेत आहे. निर्णय सहा महिन्यांत द्यावा लागतो, पण ही मुदत रीतसर आणि पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात. त्याआधीचा ‘प्राथमिक चौकशी’चा फॉर्म किंवा ओटीची प्रतीक्षायादी त्यात धरली जात नाही. म्हणून रीतसर अर्जाचा नमुना लेखी मागावा. त्यासोबत मालकीचे किंवा भाडेकराराचे प्रमाणपत्र आणि सहसा दोन ठेकेदारांची अंदाजपत्रके जोडावी आणि दाखल केल्याची पोच जपून ठेवावी. मंजुरीआधी काम सुरू केले तर अनुदान सहसा हातचे जाते.

मागणी मोजमापांसह करावी. दाराबाहेर १५ सेंटिमीटरची पायरी असेल, तर १:१२ उताराचा रॅम्प १.८ मीटर लांब होतो. शिवाय वर-खाली सपाट जागा हवी. व्हीलचेअर वळवायला साधारण १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. वेट रूममध्ये (उंबरठा नसलेले, जमिनीवरच शॉवरचे पाणी वाहून जाणारे बाथरूम) सगळी भिस्त जमिनीखालच्या वॉटरप्रूफिंगवर आणि जाळीकडच्या उतारावर असते. उतार चुकला की पाणी दाराकडे येते. शॉवरला तापमान रोखणारा व्हॉल्व्ह हवा, ४१ अंश सेल्सियसला लावलेला. छताला बसवलेल्या हॉइस्टसाठी (मुलाला उचलून हलवणारे यंत्र) तुळया वजन पेलतील का, हे आधी तपासून घ्यावे. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे आजच्या उंचीवजनावर आराखडा काढणे: सहा वर्षांच्या मुलासाठी बसवलेले बाथरूम बाराव्या वर्षी अपुरे पडते.

खर्च मर्यादेबाहेर गेला, तर २००२ च्या रेग्युलेटरी रिफॉर्म ऑर्डरखाली कौन्सिल जादा रक्कम देऊ शकते. त्यासाठी तिचे लेखी धोरण मागून वाचावे. १९७० च्या क्रॉनिकली सिक अँड डिसेबल्ड पर्सन्स अ‍ॅक्टचाही आधार घेता येतो. भिंत उघडल्यावर अ‍ॅस्बेस्टॉस निघाले, तर मंजूर रक्कम वाढवून मागता येते, मात्र ते काम करून टाकण्याआधी. रॅम्प, दार रुंद करणे, बाथरूम यांसारख्या बऱ्याच कामांवर व्हॅट शून्य दराने लागतो. अंदाजपत्रकात तो धरलेला नाही ना, हे पाहावे.

नकार आल्यास लेखी कारणे मागावी, कौन्सिलकडे तक्रार करावी, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे (कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) जावे. स्वतःच्या घरासाठी ५,००० पौंडांहून जास्त अनुदान घेतले असेल आणि दहा वर्षांत घर विकले, तर कौन्सिल त्यावरच्या रकमेतून १०,००० पौंडांपर्यंत परत मागू शकते. लिफ्ट-हॉइस्टची देखभाल वॉरंटीनंतर कोणाकडे, हे बसवण्याआधीच लिहून घ्यावे.