कार्लसन यांचे डोपामाइन-संशोधन

डोपामाइन हे मेंदूतील स्वतंत्र चेतासंवाहक (चेतापेशींमधील निरोप वाहून नेणारे) रसायन आहे, हे पुढे आणणारे संशोधन. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात आर्विद कार्लसन (१९२३–२०१८) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५७-५८ च्या सुमारास केले. तोवर डोपामाइनकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. शरीरात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरे निरोप्या रसायन तयार होताना वाटेत लागणारा एक टप्पा, एवढीच त्याची ओळख होती. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तो विजेने की रसायनाने, हा वादही तेव्हा पुरता मिटलेला नव्हता.

सुरुवात झाली ती सर्पगंधेपासून मिळणाऱ्या रेसर्पिन या औषधाने. रक्तदाब आणि मनोविकार अशा दोन्हींवर ते त्या काळी दिले जाई. रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिता होतो, हे अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसले होते आणि कार्लसन तिथे काही महिने काम करून आले होते. परतल्यावर नील्स-ओके हिलार्प यांच्यासोबत काम करताना त्यांना नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठाही तसाच संपताना आढळला.

रेसर्पिन टोचलेला ससा कान पाडून जागच्या जागी बसून राहतो, हलत नाही. अशा सशांना डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात त्यांचे कान उभे राहिले आणि ते हिंडूफिरू लागले. डोपापासून शरीर आधी डोपामाइन आणि त्यापासून नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवते. तेव्हा तेच भरून निघाले असणार, हा तर्क अगदी सरळ होता. पण कार्लसन यांनी तो गृहीत धरला नाही, सशांचे मेंदू तपासले. या संशोधनाचे मर्म इथेच आहे. नॉरअ‍ॅड्रेनलिन अजूनही जवळजवळ नव्हतेच. मेंदूतील अत्यल्प डोपामाइन मोजण्याची पद्धत त्यांनी बसवली, तेव्हा कळले की रेसर्पिनने डोपामाइनही नाहीसे होते आणि डोपाने परत येते ते तेच. शिवाय निरोगी मेंदूत त्याचे प्रमाण नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या तोडीचे निघाले. निव्वळ मधल्या टप्प्याचा साठा एवढा कशाला असेल?

याच गटातील बर्टलर आणि रोझेनग्रेन यांना १९५९ मध्ये बहुतेक डोपामाइन हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्ट्रायटम या भागात सापडले. रेसर्पिनमुळे माणसांतही कंपवातासारखी लक्षणे येतात, हे माहीत होतेच. त्यावरून कंपवाताचा डोपामाइनशी संबंध असावा, असे कार्लसन यांनी मांडले. १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत मात्र अनेक नामवंतांना ही मांडणी पटली नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात एहरिंगर आणि होर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामाइनची मोठी तूट दाखवली. पुढे फाल्क आणि हिलार्प यांनी मेंदूच्या ऊतींना फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली डोपामाइन असलेल्या चेतापेशी हिरव्या उजळल्या. जे आकड्यांत होते, ते आता डोळ्यांना दिसत होते.

१९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत डोपा देऊन रुग्णांत ठळक सुधारणा दाखवली. कार्लसन यांना २००० चे नोबेल पारितोषिक पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांच्यासह मिळाले. लेव्होडोपा (डोपाचेच औषधी रूप) आजही कंपवातावरील प्रमुख औषध आहे. ते डोपामाइनची तूट भरते, पेशींची झीज थांबवत नाही. त्यामुळे काही वर्षांनी अनेक रुग्णांत गुण टिकण्याचा अवधी कमी होतो आणि नको असलेल्या हालचालीही सुरू होतात.