तालुक्याच्या गावात तीन वर्षांचं मूल: अंगणवाडीची नोंद आणि २५ टक्क्यांचा अर्ज

अंगणवाडीत नाव घालायला फी नाही, उत्पन्नाची अट नाही. आईचं आधारकार्ड, मोबाइल नंबर, मुलाचा जन्मदाखला आणि लसीकरण कार्ड घेऊन वॉर्डातल्या सेविकाताईंकडे जायचं. त्या पोषण ट्रॅकर अॅपवर नोंद करतात. मुलाचं आधार काढलेलं नसेल तरी अडत नाही, आईच्या आधारवर काम होतं. गरोदरपणी आईचं नाव त्याच अंगणवाडीत असेल, तर बाळाचंही बहुधा आधीच चढलेलं असतं. विचारून खात्री करा.

घोळ होतो तो कार्यालयाचा. नगरपरिषद हद्दीतल्या अंगणवाड्या सहसा नागरी बालविकास प्रकल्पात येतात, आणि त्या प्रकल्पाचं कार्यालय दुसऱ्याच गावी असू शकतं. पंचायत समितीतलं बालविकास प्रकल्प कार्यालय ग्रामीण भागाचं; तिथं गेलात तर ‘हे आमच्याकडे नाही’ ऐकून परत याल. आपल्या वॉर्डाच्या पर्यवेक्षिका कोण, हे सेविकाताईंनाच विचारावं. झोपडपट्टीत किंवा खेड्यातल्या वस्तीवर अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील, तर मागणीपासून तीन महिन्यांत ती मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला आहे. मागणी लेखीच द्या आणि पोच घ्या.

अंगणवाडी कशी चालते, हे भिंतीवरच्या चित्रांवरून कळत नाही. न सांगता, भर वेळेत जा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज गरम शिजवलेला आहार मिळायला हवा. खिचडीत डाळ दिसते का, ते बघा. दर महिन्याला वजन-उंची घेतात का विचारा आणि आपल्या मुलाचा वाढीचा आलेख दाखवायला सांगा. अंगणवाडीसाठी राज्याचा पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमही असतो. तो चालू असेल तर मुलं गोष्ट ऐकताना, मणी ओवताना, खडे मोजताना दिसतील. हाताची घडी घालून खिचडीची वाट बघत बसलेली दिसली, तर समजून जा. तिसऱ्या वर्षी एबीसीडी गिरवून घेणारी इंग्रजी नर्सरी मात्र याहून बरी, असं मी म्हणणार नाही.

खासगी शाळाच हवी असेल तर आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा, मोफत प्रवेशाचा २५ टक्के कोटा आहे. काही शाळांत तो नर्सरीपासून, काहींत पहिलीपासून. नर्सरीसाठी प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत. अर्ज ऑनलाइन आणि मोफत, जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात. एससी, एसटी, भटक्या-विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना तहसीलदारांचा एक लाखाच्या आतला दाखला लागतो. जातीचा दाखला मुलाचा किंवा वडिलांचा चालतो, पण परराज्यातला चालत नाही. पत्त्यासाठी रेशनकार्ड, वीजबिल वगैरे. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार, तोही अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा. जन्मदाखला हरवला असेल तर अंगणवाडीच्या रजिस्टरमधली नोंद वयाचा पुरावा म्हणून धरतात, त्यामुळे मूल पुढे कुठंही जाणार असलं तरी तिथं नाव घालून ठेवाच.

सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला कोट्यातून सूट, हा २०२४ चा बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. जुन्या व्हॉट्सअॅप मेसेजवर जाऊ नका. कोट्यातल्या जागांसाठी सोडत निघते; तिच्यात नाव लागलं म्हणजे प्रवेश झाला असंही नाही. दिलेल्या मुदतीत मूळ कागद घेऊन पडताळणी समितीपुढे जावं लागतं. एसएमएसची वाट न बघता आरटीईच्या पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः तपासत राहा.