बंप स्टॉक

बंप स्टॉक : अर्धस्वयंचलित रायफलीच्या मूळ दस्त्याच्या जागी बसवायचा सरकता दस्ता. गोळी सुटल्याच्या धक्क्याने रायफल या दस्त्यात मागे-पुढे घसरते आणि एका जागी रोखून धरलेल्या बोटावर तिचा चाप पुन्हा पुन्हा येऊन आपटतो. त्यामुळे एकेक गोळी झाडणारी रायफल मशीनगनसारख्या गोळ्या ओकू लागते. ‘आपटणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडले. हे साधन अमेरिकेत जन्मले, मुख्यतः तिथेच विकले गेले आणि २०१७च्या लास व्हेगास हत्याकांडानंतर जगाला माहीत झाले.

हे समजायला आधी एक फरक नीट लक्षात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत ‘एसएलआर’ हा शब्द रुळलेला आहे. त्याचा अर्थ सेल्फ-लोडिंग रायफल, म्हणजे आपली आपण भरणारी. गोळी सुटली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मॅगझीनमधले पुढचे काडतूस नळीत बसते. पण काडतुसावर आघात घडवणारा घोडा आत अडकून राहतो. बोट सैल करून चाप पुढे येऊ दिला आणि पुन्हा ओढला, तरच पुढची गोळी सुटते. चाप एकदा ओढला की एकच गोळी, ही झाली अर्धस्वयंचलित रायफल. एके-४७ स्वयंचलित खटक्यावर ठेवली तर चाप दाबून धरला आहे तोवर, किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत, गोळ्या सुटत राहतात. अमेरिकेत लाखो घरांत असलेली एआर-१५ पहिल्या जातीची आहे. तिचीच लष्करी बहीण एम-१६ दुसऱ्या जातीची.

बंप स्टॉक रायफलीच्या आतल्या यंत्राला हात लावत नाही. बदल होतो तो फक्त हातांच्या कामात. एरवी रायफल खांद्यात घट्ट रोवलेली असते आणि बोट हलते. इथे बोट दस्त्यावरच्या लहानशा आधारावर टेकून स्थिर राहते आणि हलते ती रायफल. डावा हात नळीखालची पकड सतत पुढे रेटत असतो. गोळी सुटते, धक्क्याने रायफल बोटभर मागे सरकते, चाप बोटापासून सुटून मोकळा होतो. डाव्या हाताच्या रेट्याने रायफल पुन्हा पुढे येते आणि चाप बोटावर आदळतो. बघणाऱ्याला दिसते ते फक्त थरथरणारे शस्त्र आणि कानावर येतो तो सलग कडकडाट. पण प्रत्येक गोळीमागे चाप एकदा सुटलेला आणि एकदा दबलेला असतो. पुढचा सगळा कायदेशीर वाद एवढ्याशा हालचालीवर उभा आहे.

दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी हैराण झालेल्या अमेरिकेने १९३४ साली राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा केला. त्यात मशीनगनची व्याख्या चापावर बेतलेली होती : चापाच्या ‘एका कार्याने’, हाताने पुन्हा न भरता, आपोआप एकापेक्षा जास्त गोळ्या झाडणारे शस्त्र. अशा शस्त्रावर त्या काळी जबर वाटणारा २०० डॉलरचा कर आणि नोंदणी आली. मग १९८६च्या कायद्याने, १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाने बाळगायला बंदी घातली. बाजारात जुन्या, नोंदणीकृत मशीनगनच तेवढ्या उरल्या आणि त्यांच्या किमती हजारो डॉलरांच्या घरात गेल्या. ज्यांना तो कडकडाट हवा होता पण एवढा पैसा नव्हता, त्यांच्यासाठी पळवाट शोधणाऱ्यांचा धंदा इथून सुरू झाला.

पहिले गाजलेले साधन म्हणजे ‘एकिन्स ॲक्सिलरेटर’. त्यात रायफल पुढे ढकलण्याचे काम स्प्रिंग करत असे. दारू, तंबाखू, अग्निशस्त्रे व स्फोटके यांवर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्य खात्याने, म्हणजे एटीएफने, आधी त्याला हरकत घेतली नाही. पण २००६ साली मत फिरवून ते मशीनगन ठरवले आणि खरेदीदारांना स्प्रिंगा काढून द्यायला लावल्या. पुढच्या उत्पादकांनी यातून नेमका धडा घेतला : स्प्रिंग नको, तिचे काम माणसाच्या हातालाच करू दे. टेक्सासमधल्या मोरान या छोट्या गावातल्या स्लाइड फायर सोल्यूशन्स या कंपनीने असा बिनस्प्रिंगचा दस्ता एटीएफपुढे ठेवला आणि जून २०१०मध्ये खात्याने कळवले की हा केवळ रायफलीचा एक भाग आहे, मशीनगन नव्हे. हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींना मदत व्हावी हा दस्त्याचा हेतू असल्याचे त्या पत्रव्यवहारात नमूद आहे. हा दावा यंत्राच्या रचनेशीच जुळत नाही. डाव्या हाताचा अखंड आणि अगदी मोजका रेटा हाच ज्याचा प्राण, ते साधन अधू हाताच्या माणसाला सोपे कसे जाईल? विक्री झाली ती मुख्यतः धडधाकट हौशी लोकांना. बंदीच्या वेळी एटीएफच्या अंदाजाने देशात असे दस्ते २,८०,००० ते ५,२०,००० इतके होते.

याच कुळातली आणखी काही साधने आहेत. चापाजवळ बसवायची हाताने फिरवायची दांडी हे त्यातले सर्वांत जुन्या वळणाचे. १९व्या शतकातल्या गॅटलिंग तोफेची ती लहान आवृत्ती. ‘बायनरी ट्रिगर’मध्ये चाप ओढताना एक आणि सोडताना एक गोळी सुटते. ‘फोर्स्ड रीसेट ट्रिगर’मध्ये रायफलीची मागे-पुढे सरकणारी यंत्रणा स्वतःच चापाला जोराने पुढे ढकलते, त्यामुळे बोटाचा दाब कायम ठेवला तरी चाप पुन्हा पुन्हा दबत राहतो. या तिसऱ्या प्रकारावरून एटीएफ आणि उत्पादक यांच्यात अनेक वर्षे न्यायालयीन लढाई चालली व मे २०२५मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने तडजोड केली. पिस्तुलाच्या मागे बसवायचा चिमुकला ‘स्विच’ मात्र या यादीत येत नाही. तो स्वयंचलित गोळीबाराचा आभास निर्माण करत नाही, शस्त्राला खरोखरच स्वयंचलित करतो. म्हणून तो स्वतःच कायद्याने मशीनगन आहे.

या साधनांचा प्रत्यक्ष उपयोग काय, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांमध्येही नेहमी निघतो. नेमबाजीच्या अंगाने पाहिले तर उत्तर जवळजवळ नकारार्थी आहे. नेम साधतो तो रायफल स्थिर असल्यामुळे. दस्ता खांद्यात पक्का, गाल दस्त्यावर टेकलेला, डोळा माशीच्या, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणेच्या, रेषेत. बंप स्टॉकमध्ये रायफल गालाखालून सारखी सरकत असते. कागदी लक्ष्यावर याचा परिणाम लगेच दिसतो : पहिले भोक काळ्या वर्तुळात, दुसरे त्याच्या वर, आणि बाकीची कागदाच्या कडेला किंवा मागच्या मातीच्या बांधात. रेटा कमी पडला की गोळीबार थांबतो, जास्त झाला तर चाप मोकळाच होत नाही. सरावलेला नेमबाज साध्या अर्धस्वयंचलित रायफलीने सेकंदाला चार-पाच गोळ्या आणि त्याही हव्या तिथे टाकू शकतो. शिकाऱ्याला तर हा दस्ता निव्वळ अडचण.

गणितही बोलके आहे. मिनिटाला ४०० ते ८०० गोळ्या हा या दस्त्यांचा सांगितला जाणारा वेग. एम-१६चा साधारण ७०० ते ९५०. मिनिटाला ६०० धरल्या तर ३० गोळ्यांचे मॅगझीन तीन सेकंदांत संपते. म्हणजे तीन सेकंदांचा आवाज, मग मॅगझीन बदलणे, आणि खिशाला बसणारी चाट. हलकी नळी अशा माऱ्याने लवकरच हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून अमेरिकी लष्कराच्या मार्गदर्शिकेत एम-१६चा दीर्घकाळ टिकवण्याजोगा वेग मिनिटाला फक्त १२ ते १५ गोळ्या दिलेला आहे.

लष्करांनीही या मोहाची किंमत मोजली आहे. व्हिएतनाममध्ये सैनिक चाप दाबून धरत आणि दारूगोळा झाडीत वाया जाई. म्हणून पुढे एम-१६ए२ या आवृत्तीत सलग गोळीबाराचा खटकाच काढून तीन गोळ्यांच्या फैरीची सोय केली गेली. पुण्याच्या पाषाण भागातल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेत आकाराला आलेल्या इन्सास रायफलीतही हीच विचारसरणी दिसते : एकेक गोळी किंवा तीनची फैर, त्यापुढे नाही. सलग मारा हे हलक्या मशीनगनचे काम. ती दोन पायांच्या आधारावर जमिनीत रोवलेली असते आणि शत्रूला डोके वर काढू न देणे हा तिच्या माऱ्याचा हेतू असतो. तो मारासुद्धा छोट्या छोट्या फैरींनीच करायला शिकवतात.

मग उरते ती मौज. मोकळ्या माळरानावर मित्रांसोबत टिनचे डबे उडवायचे, पाच सेकंद कानठळ्या बसवणारा आवाज अनुभवायचा आणि हसत सुटायचे. अनेक रेंजवर भराभर गोळीबाराला मनाईच असते. या मौजेची ओढ खोटी म्हणता येणार नाही. पण लक्ष्य जेव्हा काळे वर्तुळ नसते, दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांचा समुदाय असतो, तेव्हा नेमाची गरजच संपते आणि वर सांगितलेला एकही दोष आड येत नाही. या एकाच कामी हे साधन अत्यंत परिणामकारक ठरते, आणि त्याच्या उपयुक्ततेचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवणे मला अशक्य वाटते.

१ ऑक्टोबर २०१७च्या रात्री लास व्हेगासमध्ये ‘रूट ९१ हार्वेस्ट’ हा खुल्या मैदानावरचा संगीत महोत्सव चालू होता. सुमारे २२,००० श्रोते होते. समोरच्या मँडले बे हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून एका माणसाने साधारण १० मिनिटांत हजारहून अधिक गोळ्या झाडल्या. त्याच्या खोलीत बंप स्टॉक लावलेल्या डझनभर रायफली सापडल्या. त्या रात्री ५८ जण मृत्युमुखी पडले. पुढच्या काळात आणखी दोघे जखमांनी गेले आणि आकडा ६० झाला. गोळी लागलेल्यांची संख्या ४००च्या वर होती, पळापळीत जखमी झालेले वेगळे. सुरुवातीला अनेकांना ते फटाके वाटले, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे.

त्यानंतरच्या आठवड्यातच नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनेही अशा साधनांवर जादा नियमन असावे असे म्हटले. कायदेमंडळाने काही केले नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी न्याय विभागाला नियम करायला सांगितले आणि डिसेंबरमध्ये एटीएफने आपलीच अनेक वर्षांची भूमिका उलटवून बंप स्टॉकला मशीनगन ठरवले. २६ मार्च २०१९पर्यंत ते नष्ट करा किंवा जमा करा, असा आदेश निघाला. स्लाइड फायरने त्याआधीच मे २०१८मध्ये मागण्या घेणे थांबवले होते.

टेक्सासमधल्या एका शस्त्रविक्रेत्याने आपले दोन दस्ते निषेध नोंदवून जमा केले आणि दावा लावला. ‘गार्लंड विरुद्ध कार्गिल’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १४ जून २०२४ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी नियम रद्द झाला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी चापाच्या आतल्या भागांच्या आकृत्या निकालपत्रात छापल्या आणि प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने दबतो, शिवाय डाव्या हाताचा रेटाही लागतो, म्हणून हे ‘एका कार्याने’ वा ‘आपोआप’ नव्हे, असे मांडले. न्या. सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात बदकाचा दाखला दिला : बदकासारखे चालणारे, पोहणारे आणि ओरडणारे पाखरू मी बदकच म्हणेन. त्यांच्या मते कार्य म्हणजे चापाची हालचाल नव्हे, झाडणाऱ्याची कृती. आणि ती एकच असते. न्या. सॅम्युएल अलिटो यांनी बहुमतासोबत राहूनही, कायदेमंडळ व्याख्या बदलू शकते, असे वेगळ्या टिपणात लिहिले. निकालानंतर काही दिवसांत सिनेटमध्ये तसा प्रयत्न झाला, तो अडवला गेला.

भारतात हा प्रश्न प्रत्यक्षात उद्भवत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ने निषिद्ध शस्त्राची व्याख्या चापावरच्या दाबावरून केली आहे : दाब काढेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत गोळ्या सोडत राहणारे शस्त्र. शब्दांचा कीस काढायचा तर याही व्याख्येत कार्गिल खटल्यासारखा वाद शिरू शकेल. पण तो शिरायला आधी रायफल हवी. आणि एआर-१५ धाटणीची रायफल इथे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही.

अमेरिकेत संघराज्याचा नियम गेला तरी राज्यांचे कायदे उरले. निकालाच्या वेळी सुमारे १५ राज्यांत बंप स्टॉकवर बंदी होती. त्यांत नेवाडाही आहे. तिथला बंदीचा कायदा जून २०१९मध्ये झाला. त्यावर सही करणारे राज्यपाल स्टीव्ह सिसोलॅक हत्याकांडाच्या वेळी लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत येते तिच्या आयुक्त मंडळाचे अध्यक्ष होते. विधेयक मांडणाऱ्या प्रतिनिधी सँड्रा हौरेगी त्या रात्री महोत्सवाच्या मैदानात होत्या.