नक्षीदार पोलादाच्या ठोकळ्यामागचा इतिहास

सुऱ्या घडवणारे आजचे कारागीर दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या आलटून-पालटून रचतात, टाकणखार टाकून भट्टीत तापवतात आणि घणाखाली त्यांचा एकजीव ठोकळा करतात. वीस थरांचा ठोकळा चारदा दुमडला की ३२० थर होतात. या पद्धतीचे मूळ मात्र नक्षीच्या हौसेत नसून कच्च्या मालाच्या उणिवेत आहे. जुन्या लहान भट्ट्यांत लोखंड वितळत नसे. खनिजापासून सुटे होणारा गोळा सच्छिद्र आणि मळीने भरलेला असे, त्यात कार्बनही कुठे भरपूर तर कुठे नगण्य. तो वारंवार तापवून, ठोकून आणि दुमडून मळी बाहेर काढणे हाच त्यावरचा उपाय होता.

उत्तर युरोपातील लोहारांनी याच कौशल्यातून नक्षी साधली. वेगवेगळ्या प्रतीच्या सळया पिळून त्यांचा तलवारीसाठी गाभा करायचा आणि त्याला कठीण पोलादाची वेगळी धार जोडायची, अशी त्यांची रीत होती. इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये सापडलेली सातव्या शतकातील तलवार अशीच घडवलेली आहे. पुढे एकसंध पोलाद मिळू लागले तशी ही मेहनत मागे पडली.

दक्षिण भारतात मुशीत तयार होणाऱ्या पोलादाची गोष्ट निराळी. त्याच्या पात्यावरील लहरी थर जोडून येत नसत. कार्बाइडच्या (लोह आणि कार्बनच्या कठीण संयुगाच्या) कणांच्या रांगा लागून त्या उमटत. जाहिराती थर जोडलेल्या आणि मुशीतल्या अशा दोन्ही पोलादांना सर्रास 'दमास्कस' (सीरियातील शहराचे नाव) म्हणतात, त्यामुळे आजच्या सुरीला नसलेली वंशावळ चिकटते.

थर जोडण्याची कला एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधील लिएज येथील बंदुकीच्या नळ्यांत टिकून राहिली. सुऱ्यांमध्ये तिचे पुनरुज्जीवन केले ते प्रामुख्याने अमेरिकेतील मेरीलँडचे सुरी-कारागीर बिल मोरन यांनी; १९७३ मध्ये त्यांनी अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या. आता सुमारे दोन टक्के निकेल असलेले पोलाद साध्या कार्बन पोलादाशी जोडतात. पाते फेरिक क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणात बुडवले की निकेलचे थर चकाकतात, बाकीचे काळवंडतात. एकसारखे पोलाद बाजारात सहज मिळत असताना हा खटाटोप सौंदर्यासाठीच आहे, हे मान्य करायला हवे. तरीही मोरन यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या सर्वोच्च परीक्षेत किमान ३०० थरांच्या सुरीने दोर कापावा लागतो, लाकूड तोडावे लागते आणि शेवटी पाते ९० अंशांत वाकवून दाखवावे लागते.