रम काळी म्हणजे जुनी? रंगावर जाऊ नका

‘रम जितकी काळी तितकी जुनी’ असं ठणकावून सांगणारा एक तरी जण प्रत्येक बैठकीत असतो. भट्टीतून निघालेली रम पाण्यासारखी स्वच्छ असते. पिंपात ती सोनेरी, तपकिरी होते खरी. पण काळा रंग बहुतेकदा कॅरमेलचा, म्हणजे करपवलेल्या साखरेचा. उलट कित्येक पांढऱ्या रम पिंपात मुरवून, मग कोळशातून गाळून रंग काढलेल्या असतात.

व्हिस्कीतही तेच. अमेरिकेतल्या स्ट्रेट राय व्हिस्कीत (मुख्यतः राय या धान्याची, पिंपात मुरवलेली) रंग मिसळायला बंदी आहे. तिचा तांबूसपणा आतून जाळलेल्या, ओकच्या लाकडाच्या नव्या पिंपाचा. पण नवं पिंप रंग भराभर सोडतं, त्यामुळे तिथेही रंगावरून वय ठरत नाही.

रमची पारख नाकाने आणि जिभेने करा. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात 20 मिली ओतून 10 मिनिटं थांबा. ओठ किंचित विलग ठेवून हुंगा. नाक आत खुपसलंत तर नुसतं अल्कोहोल झोंबेल. पहिला घोट जीभ सरावण्यापुरता. मग थेंबाथेंबाने पाणी. ओकचा तुरटपणा शोधा. ओठांवर पाकासारखा चिकटपणा राहिला तर साखरेचा संशय घ्या. अल्कोहोलमीटर (घनतेवरून अल्कोहोलचं प्रमाण दाखवणारी तरंगती काचनळी) असेल तर 20 अंश सेल्सिअसच्या रममध्ये बुडवा. साखरेने घनता वाढते आणि आकडा कमी दिसतो: लेबलवर 40 टक्के आणि नळीच्या पट्टीवर 36, तर साखर असणारच. युरोपीय संघात रममध्ये लिटरमागे 20 ग्रॅमपर्यंत ती कायदेशीर आहे.